सायकलच्या ब्रेकची पोहोच : रुंद टायर, मडगार्ड आणि नावांचा घोटाळा

रुंद टायर बसवावयाचा, त्यावर मडगार्डही हवे, तर सायकलला ब्रेक कोणता घ्यावा, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या पत्रिकेत कसा आला, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी एक लहानशी हकीकत सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी बोलीचे नमुने गोळा करण्यासाठी काळ्या जमिनीच्या मुलखात सायकलीने हिंडण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. सायकल शर्यतीच्या धाटणीची होती; टायर २५ मि.मी. रुंद, आणि वर मडगार्ड कसेबसे घुसवलेले. पहिल्या पावसानंतर गाडीवाटेने अर्धा किलोमीटर जातो न जातो तोच टायर व मडगार्ड यांमधील फटीत चिकणमाती गच्च भरली आणि चाक फिरेनासे झाले. पुढची वाट सायकल खांद्यावर घेऊन काढावी लागली. परत आल्यावर ३५ मि.मी.चा टायर व मडगार्ड दोन्ही मोकळेपणी मावतील असा दुसरा सांगाडा मिळवला आणि दुकानातून ‘लाँग रीच’चा, म्हणजे लांब पोहोचीचा ब्रेक मागवला. डबीवर ते शब्द स्पष्ट छापलेले होते. ब्रेक बसवून पाहतो तो त्याची रबरे रिमवर न टेकता टायरच्या कुशीवर टेकू लागली! लांब म्हणून घेतलेला ब्रेक आखूड निघाला.

यात दुकानदाराची लबाडी नव्हती आणि कारखान्यानेही खोटे छापले नव्हते. ‘लांब’ हा शब्द खराच होता. मात्र तो कशाच्या मानाने लांब, हे डबीवर नव्हते. ज्या शब्दाचा अर्थ तुलनेवाचून पुरा होत नाही, तो शब्द माप म्हणून वापरला की असे होते. सायकलच्या बाबतीत हा केवळ शब्दांचा खेळ राहत नाही. ब्रेकचे रबर टायरच्या कुशीवर घासू लागले तर थोड्याच दिवसांत तेथील कापड उघडे पडते आणि ट्यूब फुटते. तीही बहुधा उतारावर, कारण ब्रेक जोराने दाबला जातो तो तेथेच. उलटपक्षी रबर रिमच्या खाली उतरले तर ते निसटून आऱ्यांत शिरू शकते. या दोन संकटांच्या मध्ये जागा असते ती अवघी एक सेंटिमीटर.

प्रथम ‘पोहोच’ म्हणजे काय ते निश्चित करू. नेहमीच्या कॅलिपर ब्रेकचा मुख्य बोल्ट फोर्कच्या दोन पायांच्या सांध्यातील छिद्रात बसतो. मागच्या बाजूस तो चाकावरील आडव्या पट्टीत बसतो. या बोल्टाच्या मध्यापासून सरळ खाली, रिमचा जो पट्टा रबराने घासला जातो त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे पोहोच. रबर ज्या खाचेत वरखाली सरकते ती खाच साधारणतः एक सेंटिमीटरची असल्यामुळे ब्रेकची पोहोच एका आकड्याने न सांगता ‘३९ ते ४९’, ‘४७ ते ५७’, ‘५५ ते ७३’ अशी दोन टोकांनी सांगतात. आता ध्यानात घेण्याची गोष्ट ही की सांगाड्याची पोहोच ब्रेक घेणारा ठरवीत नाही. ती सांगाडा घडविणाऱ्याने छिद्र पाडले त्याच क्षणी ठरलेली असते. ब्रेक तिला जुळवून घ्यावयाचा असतो, इतकेच.

या पोहोचीचा टायरच्या रुंदीशी संबंध काय? तो फार साधा आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रिमवर टायरची कडा जेथे बसते त्या वर्तुळाचा व्यास हल्लीच्या रस्त्यावरील सायकलींत ६२२ मि.मी. असतो, म्हणजे त्रिज्या ३११. रबराने घासावयाचा पट्टाही जवळजवळ त्याच उंचीवर येतो. भरलेल्या टायरची उंची स्थूलमानाने त्याच्या रुंदीइतकीच असते. तेव्हा रबराच्या मध्यापासून वर चढत गेल्यास प्रथम टायरच्या रुंदीइतके अंतर टायरच खातो. त्यावर टायर व मडगार्ड यांच्यामध्ये निदान १० मि.मी. मोकळी फट हवी. मडगार्डचा पत्रा व त्याच्या स्क्रूचे डोके मिळून सुमारे ३ मि.मी. जातात. आणि कॅलिपरचे अंग बोल्टाच्या मध्याच्या खाली जितके उतरते तितके शेवटी मिळवावयाचे. ते ब्रेकगणिक निराळे असते, येथे १० मि.मी. धरू. म्हणजे टायरच्या रुंदीत सुमारे २३ मिळविले की लागणारी पोहोच हाती येते. २५ मि.मी.च्या टायरला ४८, ३२ ला ५५, ३८ ला ६१, ४५ ला ६८.

हे अनुमान आहे, नियम नव्हे. रुंद रिमवर टायर थोडा अधिक पसरतो आणि काही टायर छापील रुंदीहून कमी भरतात. परंतु माझा ब्रेक का फसला हे सांगण्यास ते पुरेसे आहे. सांगाड्याची पोहोच मोजली तेव्हा ६३ भरली, ३५ मि.मी. टायर व मडगार्ड यांना लागणाऱ्या ५८ पेक्षा थोडी मोकळीच. डबीतील ‘लांब’ ब्रेक मात्र ५७ वर संपत होता.

तर मग ५७ ला लांब का म्हणावे? याचे उत्तर इतिहासात आहे. एके काळी ४७ ते ५७ हीच चांगल्या रस्त्यावरील सायकलींची प्रमाण पोहोच समजली जात असे आणि तिला वेगळे विशेषण लागत नसे. पुढे शर्यतीच्या सायकलींचे टायर अरुंद होत गेले, मडगार्डांना त्यांतून रजा मिळाली, आणि ३९ ते ४९ ची आखूड पोहोच सर्वत्र रूढ झाली. आखूड तेच नेहमीचे झाल्यावर जुन्या प्रमाण मापाला ‘लांब’ हे नाव आपोआप चिकटले. वस्तू जागच्या जागी राहिली, तिच्या शेजारची वस्तू हलली, आणि नाव बदलले. यापेक्षाही लांब, ५५ ते ७३ चा ब्रेक आला तेव्हा त्याच्यासाठी निराळा शब्द उरला नव्हता. त्यालाही ‘लांब’च म्हणतात. एका शब्दाखाली दोन वस्तू नांदू लागल्यावर गिऱ्हाइकाने आकडा विचारावा हे बरे.

चाकांच्या नावांत हा घोटाळा याहून मोठा आहे. ‘सव्वीस इंची’ म्हटले की एकच चाक डोळ्यांपुढे येते. वस्तुतः टायरच्या कडेचा व्यास ५५९, ५७१, ५८४, ५९० अथवा ५९७ मि.मी. असलेली पाच निरनिराळी चाके त्या एका नावाने ओळखली जातात. कारण सव्वीस इंच हे मूळचे रिमचे माप नव्हेच. विशिष्ट जाडीचा टायर चढविल्यावर बाहेरून जो व्यास भरे त्याचे ते नाव. जाड टायरला लहान रिम, बारीक टायरला मोठी रिम, बाहेरून दोन्ही सव्वीस. फ्रेंच पद्धतीत ‘७००’ या बाह्य मापाला ए, बी, सी अशी अक्षरे जोडून टायरची जाडी दाखवीत, आणि त्यांत सी हा जाड टायर होता. आज त्याच ‘७०० सी’ रिमवर २५ मि.मी.चा बारीक टायर चढवितात. बाहेरचा व्यास ६७२ मि.मी. भरतो, म्हणजे ना तो सातशे, ना तो सी. व्युत्पत्ती सांगणाऱ्यास हे मोठे रंजक आहे, पण ब्रेक घेणाऱ्यास नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ५७७५ यावर उपाय म्हणून टायरवर ‘३२-६२२’ असे दोन आकडे छापावयास लावते, रुंदी व कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. टायरच्या कुशीवर हे आकडे बारीक अक्षरांत असतात आणि इंचांचे जुने नाव मोठ्या अक्षरांत. वाचावयाचे ते बारीक.

या आकड्यांचा ब्रेकशी थेट संबंध पोहोचतो. ६२२ च्या चाकाऐवजी ५८४ चे चाक बसविले की त्रिज्या १९ मि.मी.ने घटते, रबराला तितके खाली जावे लागते, आणि वर टायर व मडगार्डसाठी तितकी जागा मोकळी होते. आखूड पोहोचीच्या सांगाड्यात ४० मि.मी. टायर घालण्याची जी युक्ती हौशी लोक करतात ती हीच. ४८ पोहोचीच्या सांगाड्यास मग ६७ पोहोचीचा ब्रेक लागतो. अर्थात् फोर्कच्या पायांमधील आडवी जागा पुरते की नाही हे आधी पाहिले पाहिजे, नाहीतर उंची मिळून टायर बाजूस घासावयाचा. मुख्य बोल्टाला लोखंडी पट्टी जोडून सबंध ब्रेकच खाली उतरविण्याचीही एक युक्ती आहे. तिने रबर रिमपर्यंत पोहोचते खरे, परंतु कॅलिपरचे अंगही तितकेच खाली येते, म्हणून मडगार्डला तिचा उपयोग शून्य.

आता लांब पोहोचीची किंमत काय पडते ते पाहू, कारण ती फुकट मिळत नाही. कॅलिपरचा प्रत्येक हात ही एक तरफ आहे. खिळीच्या वरच्या भागाला वायर ओढते, खालच्या भागाला रबर असते. वरचा भाग तोच ठेवून खालचा भाग ४७ वरून ५७ केला तर रबरावरील दाब सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. ५५ वरून ७३ केला तर चतुर्थांश नाहीसा होतो. शिवाय हात वाकतो. एका टोकाला धरलेल्या एकसारख्या दांडीचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडी तीच राहिली तर ४९ च्या हातापेक्षा ७३ चा हात तिपटीहून अधिक वाकेल. कारखानदार हात जाड करून व वरचा भाग वाढवून याची भरपाई करतात, पण सगळी होत नाही. जुन्या, एकाच खिळीवर फिरणाऱ्या लांब ब्रेकांचा स्पंज दाबल्यासारखा जो अनुभव येतो तो यामुळे.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला दोन खिळींच्या कॅलिपरचा. १९९० नंतरच्या दशकात शिमानो या जपानी कंपनीच्या मालाबरोबर तो सर्वत्र पसरला. यात एक हात मधल्या बोल्टावर तर दुसरा बाजूच्या खिळीवर फिरतो आणि तरफेचा लाभ वाढतो. मात्र लाभ वाढला की रबराची हालचाल तितकी कमी होते, सबब रबरे रिमच्या अगदी जवळ ठेवावी लागतात आणि चाक जरा आउट झाले की ती घासू लागतात. लांब पोहोचीचा कॅलिपर आज घ्यावयाचा तर याच जातीचा घ्यावा, आणि आउट काढण्याची सवय ठेवावी. दुसरा तोडगा त्याहून जुना, मधून ओढल्या जाणाऱ्या कॅलिपरचा. फ्रान्सचा माफाक आणि वाइनमान या नावांचे असे ब्रेक विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रवासी सायकलींवर सर्रास असत. यात दोन खिळी चाकाच्या दोहो बाजूंस, मधल्या बोल्टाहून खाली व बाहेर असतात. त्यामुळे पोहोच तीच असूनही खिळीपासून रबरापर्यंतचा हात आखूड राहतो, आणि रुंद टायरला हवी ती रुंदीही आपसूक मिळते. माझे स्वतःचे मत विचाराल तर रुंद टायर व मडगार्ड यांसाठी कॅलिपरची कल्पना इतक्या समंजसपणे क्वचितच कोणी राबविली असेल. पण त्याला हँडलखाली वायरचा वेगळा आधार लागतो आणि नवे नग सहज मिळत नाहीत.

येथे आपल्या इकडच्या साध्या काळ्या सायकलीची आठवण होणे स्वाभाविक आहे. अठ्ठावीस इंची म्हणून जी ओळखली जाते तिचा टायर ४०-६३५, म्हणजे आजच्या हिशेबाने चांगलाच रुंद, वर पत्र्याचे भरघोस मडगार्ड. आणि तरीही जागेची कधी तक्रार नाही. याचे रहस्य तिच्या दांड्यांच्या ब्रेकात आहे. हँडलखालून निघालेली दांडी एका रिकिबीला वर ओढते, आणि रिकिबीच्या टोकांची रबरे रिमच्या आतल्या, आसाकडे तोंड असलेल्या अंगावर दाबली जातात. इंग्रजीतही त्या भागाला रिकिबीचेच नाव आहे, आणि आकार पाहता ते अगदी सार्थ आहे. येथे रिकीब ही तरफ नसून केवळ ओढली जाणारी सळई आहे. ती दोन बोटे लांब केली तरी ब्रेकचा जोर रतीभर कमी होत नाही. टायर व मडगार्ड यांना वळसा घालण्यासाठी लागणारी लांबी तिला फुकट मिळते. कॅलिपरला जी मूळची अडचण आहे ती या जुन्या यंत्रात उद्भवतच नाही.

तिची अडचण दुसरी. तिला खास घडणीची रिम लागते, आणि ती रिम परंपरेने मुलामा दिलेल्या पोलादाची असते. पाऊस पडला की तिच्यावर रबर धरत नाही. भर पावसात उतारावर दोन्ही दांड्या आवळूनही सायकल सावकाश पुढे जातच आहे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगणे नको. म्हणून कित्येक लोक अशा सायकलीला ६२२ च्या ॲल्युमिनियमच्या रिम बसवितात. ओल्या ॲल्युमिनियमवर रबर पुष्कळच चांगले धरते. पण या नव्या रिमला आतून दाबण्याजोगे अंग नसते, तेव्हा दांड्यांचा ब्रेक जातो व कॅलिपर आणावा लागतो. चाक बदलल्यामुळे पोहोच आणखी साडेसहा मि.मी.ने वाढते. अशा सांगाड्यात फोर्कला छिद्र आहे काय, असल्यास पोहोच ७३ च्या आत आहे काय, हे पाहिल्यावाचून रिम विकत घेऊ नये. कारण नसल्यास जुना ब्रेक गेला आणि नवा बसत नाही अशी स्थिती होते.

ज्यांना नवा सांगाडाच घ्यावयाचा आहे त्यांच्यापुढे वेगळे मार्ग आहेत. कँटिलिव्हर ब्रेकात फोर्कच्या प्रत्येक पायावर, रिमच्या खाली, एक खुंटी जोडलेली असते आणि ब्रेकचा हात त्या खुंटीवर फिरतो. टायरवरून वळसा घालण्याचे कामच त्याला उरत नाही, म्हणून टायर व मडगार्ड वाटेल तितके ऐसपैस ठेवता येतात. मात्र खुंटीची जागा एका चाकाच्या मापाला बांधलेली. चाक बदलण्याचे स्वातंत्र्य जाते. यात एक धोका असा आहे की दोन्ही हातांना जोडणारी आडवी वायर टायरच्या वरून जाते. मुख्य वायर तुटली तर ती आडवी वायर खाली पडून टायरच्या नक्षीत अडकते आणि पुढचे चाक जागीच थांबते. मग स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मडगार्ड असल्यास वायर त्यावर पडते व अनर्थ टळतो. मधून ओढल्या जाणाऱ्या कॅलिपरासही हीच गोष्ट लागू आहे. मडगार्ड केवळ कपड्यांच्या रक्षणासाठी असते, हा समज यावरून सोडून द्यावा.

१९९६ च्या सुमारास शिमानोने याच खुंट्यांवर बसणारा सरळ ओढीचा ब्रेक बाजारात आणला. त्याला व्ही-ब्रेक म्हणतात. त्याचे हात उभे व लांब, वायर एका हातातून दुसऱ्याकडे आडवी जाते, जोर भरपूर. परंतु त्याला जुन्या मुठीच्या जवळजवळ दुप्पट वायर ओढून घ्यावी लागते. वाकड्या हँडलाच्या साध्या मुठी त्याला चालत नाहीत. त्या चालाव्यात म्हणून हात आखूड केलेले व्ही-ब्रेक निघाले, आणि हात आखूड होताच आडवी वायर खाली येऊन मडगार्डला भिडली. म्हणजे ज्या कारणासाठी खुंट्यांचा सांगाडा घेतला तेच कारण गेले.

ब्रेक रिमवर न लावता चाकाच्या मध्याशी लावला तर टायरच्या रुंदीचा प्रश्नच मिटतो. ड्रमचा ब्रेक हा त्यांतला जुना प्रकार, पावसाला न बधणारा, देखभाल जवळजवळ न मागणारा. वजन मात्र जड. डिस्क ब्रेक आज सर्वत्र आहे, आणि २०१८ पासून रस्त्यावरील शर्यतींतही त्याला पूर्ण मुभा आहे. नवी सायकल घेणाऱ्याने, रुंद टायर हवा असल्यास, तोच घ्यावा यात वाद नाही. जुन्या सायकलीला तो लावण्याचा मोह मात्र आवरावा. रिमचा ब्रेक फोर्कला वरून धरतो, डिस्कचा ब्रेक एकाच पायाच्या टोकाशी धरतो. त्या पायाला तो ताण सोसण्यासाठी घडविलेले नसते. शिवाय पकड पायाच्या मागे असल्यामुळे तिची प्रतिक्रिया आसाला खाचेतून खाली ढकलते. नव्या फोर्कांत आस आरपार घालतात ते याचसाठी. मडगार्डचा मामलाही सर्वस्वी सुटत नाही. त्याच्या काड्या नेमक्या ब्रेकच्या अंगावर येतात व त्या वाकवून बाहेरून न्याव्या लागतात.

काड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुढच्या मडगार्डची फट ठेवताना कंजूषी करू नये. काटकी किंवा दगड त्या फटीत वर ओढला गेला तर मडगार्ड घडी होऊन चाकात शिरते. काड्या झटक्याने सुटाव्यात अशी चापाची योजना असलेली मडगार्डे मिळतात. पुढच्या चाकाला तीच घ्यावी. मडगार्ड टायरहून निदान आठ-दहा मि.मी. रुंद असावे.

आता मापाविषयी. हवे असलेले चाक, हवा असलेला टायर पूर्ण हवा भरून सांगाड्यात बसवावा, आणि छिद्राच्या मध्यापासून रिमवरील पट्ट्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजावे. पुढचे व मागचे माप वेगळे घ्यावे. ते बहुधा सारखे भरत नाही. आलेला आकडा ब्रेकच्या दोन टोकांच्या मध्ये पडत असेल तर उत्तम, अगदी टोकावर पडत असेल तर पुढील लांबीचा ब्रेक पाहावा. ब्रेक बसविल्यावर चाक एकदा काढून परत घालावे. ३५ मि.मी.चा टायर रबरांच्या मधून बाहेर येत नाही, असे पुष्कळदा आढळते; ब्रेक सैल करण्याची कळ पुरी उघडूनही जागा पुरत नाही, आणि हवा सोडावी लागते. घरी याचे काही वाटत नाही. पंक्चर काढून, हातपंपाने हवा भरून, मग चाक जागी बसत नाही म्हणून ती सगळी हवा रस्त्याच्या कडेला पुन्हा सोडताना मात्र वाटते.